शॉर्ट स्केल बासची ई तार ढिली वाटते. पिकअप बदलू का?

खालचा_सा, कोल्हापूर

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

माझ्याकडे स्क्वायरचा ब्रॉन्को बास गिटार आहे. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. ब्रिजला तारा टेकायला दोनच सॅडल, तारांचा आवाज उचलणारा पिकअप एक, स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी तीस इंची. आधी चौतीस इंचीवर हात बसवला होता, पण माझा पंजा लहान. तर्जनी पहिल्या फ्रेटवर ठेवली की करंगळी चौथ्यापर्यंत ताणावी लागायची आणि लग्नाचा कार्यक्रम आटोपला की रात्री मनगट धरून बसायचे. ब्रॉन्को आल्यापासून ते दुखणं गेलं. तेव्हा ‘हा विक आणि मोठा घे’ हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरात फुकट मिळतो.

आमचा बायकांचा ऑर्केस्ट्रा आहे. जुनी हिंदी-मराठी गाणी, लग्नं, महिला मंडळं, गणपती-नवरात्रात सुपाऱ्या. अडचण मुख्यतः ई तारेची, म्हणजे सगळ्यात जाड तारेची. ती ढिली लागते. जोरात छेडली की सूर आधी वर चढतो, मग खाली येऊन बसतो. नुसताच घुम्म असा आवाज, सूर कुठला ते ढोलकीवालीलाही कळत नाही. सातव्या फ्रेटच्या पुढे ई तार चढी बोलते. ए, डी, जी त्या मानानं ठीक. शिवाय मंडपात गेलं की हम, म्हणजे विजेची घरघर, येते, घरी फारशी नसते.

इथल्या एका दुकानात दाखवला तर म्हणाले, पिकअप फालतू आहे, महागातला टाका, सगळं सुटेल. बजेट बारा हजार, त्यावर एक रुपया नाही. सोल्डरिंग मला येत नाही, पण भावाचं गॅरेज आहे. हत्यारं आणि भाऊ दोन्ही हाताशी.

फझ_पेडल, ठाणे

ताई, हॉट रेल्स टाका, विषय संपला.

ब्रॉन्कोत स्ट्रॅटोकास्टरच्या मापाचा पिकअप असतो, त्यामुळे सेमूर डंकनचा हॉट रेल्स त्याच जागी बसतो, लाकूड कोरावं लागत नाही. मूळ पिकअपच्या कव्हरखाली गिटारचे सहा पोल (चुंबकाचे खांब) आहेत आणि तुमच्या तारा चार. पोल तारांखाली येणार कसे? रेल्समध्ये सलग पाती असतात, तो प्रश्नच उरत नाही. वर हंबकर, म्हणजे हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप, असल्यानं हम गायब. माझ्या ब्रॉन्कोत तोच आहे. एकदम दणका.

डाखवाला, पुणे

ताई, पिकअपचे पैसे सध्या खिशातच राहू द्या.

आधी सांगतो, मी बास वाजवत नाही. बुधवार पेठेत अँप, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करतो, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी आणि बास त्यांच्या मागोमाग टेबलावर येतात. त्यामुळे कुणाचा टोन ‘वॉर्म’ आणि कुणाचा ‘फॅट’ यात मी पडत नाही. तारेचं तेवढं कळतं.

तार तीच, सूर तोच, फक्त लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबानं उतरतो. तीस भागिले चौतीस, त्याचा वर्ग ०.७८. चौतीस इंचीवर कडक लागणारी तार तुमच्या बासवर २२ टक्के ढिली. ढिली तार छेडली की मोठा झोका घेते, त्या झोक्यात ती ताणली जाते म्हणून सूर चढतो, झोका मावळला की उतरतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच. यात पिकअपचा काय दोष? तो बिचारा तार जशी हलेल तशी पुढे पाठवतो. तार बेसूर हलत असेल तर महागडा पिकअप तो बेसूर जास्त स्वच्छ ऐकवेल, एवढंच.

उपाय जाड तार. ताण जाडीच्याही साधारण वर्गातच वाढतो. ई ०.१०० इंचाची असेल तर ०.१०५ घातल्यावर ताण दहा टक्के वाढतो, ०.११० घातल्यावर एकवीस टक्के. म्हणजे स्केलनं नेलेलं बहुतेक सगळं ०.११० परत आणते. मात्र एकदम तिकडे उडी मारू नका, नटाच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा त्या मापाच्या नसतात. ४५-१०५ चा सेट (जी ०.०४५, ई ०.१०५ इंच) मधला मार्ग आहे.

पण सेट शॉर्ट स्केलचाच हवा, पाकिटावर तसं छापलेलं असतं. आपल्याकडे दुकानात सहसा चौतीस इंचीचेच सेट टांगलेले असतात आणि दुकानदार म्हणतो, ‘कापून बसवतो की’. चौतीस इंचीच्या तारेचं टोक निमुळतं होतं ते नटाच्या पलीकडे, त्या लांबीच्या हिशेबानं. तीसवर ती लावली की निमुळता भाग कापला जातो आणि पूर्ण जाडीची ई तार ट्यूनरच्या खुंटीला गुंडाळावी लागते. ती नीट वळत नाही, वेढे फुगतात, आतली गाभ्याची तार आणि वरचं वेष्टण यांची पकड सुटते. मग तार मेल्यासारखी बोलते आणि कार्यक्रमात उतरत राहते.

म्हणून आधी माझ्यासाठी तीन गोष्टी बघा. ई तार ट्यूनरच्या खुंटीवर कशी दिसते, बारीक होऊन गुंडाळली आहे की जाडच्या जाड? भावाकडे व्हर्नियर असेल, त्यानं ई तारेची जाडी मोजा. तिसरं, पहिल्या फ्रेटला ई तार एका हातानं दाबा, दुसऱ्या हातानं जिथे नेक बॉडीला जोडलाय तिथल्या फ्रेटला दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते फीलर गेजनं बघा. टॅपेट सेट करायचं फीलर गेज गॅरेजमध्ये असतंच. गिटारवाल्या दुकानात तेच गेज ‘लुथिअर टूल’ म्हणून चौपट भावात मिळतं.

@फझ_पेडल, पोल तारांखाली येत नाहीत हे खरं, पण चुंबकाचं क्षेत्र पोलच्या टोकावर संपत नाही. फेंडरनं १९७० च्या दशकात म्युझिकमास्टर बासमध्ये सहा पोलचा गिटार पिकअपच घातला होता. चारही तारा व्यवस्थित ऐकू येतात.

मिक्रोसूक्ष्म, नाशिक

डाखवाले काकांचं गणित वाचून माझ्या आयबानेझ मिक्रोचा हिशेब केला. २८.६ इंची. वर्ग काढला तर ०.७१, म्हणजे २९ टक्के ढिली! इतके दिवस मला वाटायचं माझा हातच जड आहे. माझ्या मुलासाठी घेतला होता, आता मीच वाजवतो. ई तार ०.११० ची घातली आणि नटाची खाच थोडी रुंद करून घेतली. फरक पडला. तरीही ई खुली जोरात वाजवायची नाही, हे मनाशी धरलंय.

खालचा_सा, कोल्हापूर

काका, मोजून आणलं.

ई तार २.५४ मिमी. खुंटीवर जाडच्या जाड, जेमतेम दीड वेढा, आणि वेढ्यांच्या मध्ये वेष्टण उकललेलं दिसतंय. म्हणजे आधीच्या मालकानं मोठ्या बासची तार कापूनच लावलीय. सातव्या फ्रेटवर फट ०.८० मिमी. भाऊ म्हणतो, एवढ्या फटीत बुलेटचा टॅपेटसुद्धा खडखडेल.

आता तारा राउंडवाउंड (गोल वेष्टणाच्या) घेऊ की फ्लॅट (चपट्या वेष्टणाच्या)? आमच्याकडे सत्तरच्या दशकातली गाणी जास्त. आणि नटाचं काम कुणाकडे द्यायचं? कोल्हापुरात गिटारचा असा कुणी कारागीर मला तरी माहीत नाही.

डाखवाला, पुणे

२.५४ म्हणजे बरोबर ०.१००. निम्मं दुखणं तिथेच सापडलं.

तुमच्या गाण्यांना फ्लॅट. साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर बासचा जो गोल, आखूड ठोका ऐकू येतो तो बहुतांशी फ्लॅटवाउंडचा. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर ५००/१ सुद्धा तीस इंची, तारा फ्लॅट. जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३ साडेतीस इंची. शॉर्ट स्केल म्हणजे पोरांचा बास असं कुणी म्हणालं तर ही नावं सांगा आणि स्टॅन्ली क्लार्कचा अलेम्बिकही शॉर्ट स्केलच, हे शेवटी सांगा. मग सहसा वाद संपतो.

फ्लॅटचा दुसरा फायदा असा की त्या ताठ असतात, झोका कमी घेतात. मात्र सगळ्याच नाहीत. थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट मुद्दाम मऊ, कमी ताणाच्या बनवलेल्या आहेत. नावाजलेल्या आहेत, पण तुमच्या तक्रारीवर त्या औषध नाहीत. ला बेला किंवा डॅडारिओ क्रोम्सचा शॉर्ट स्केल सेट बघा. महाग वाटेल, पण फ्लॅट वर्षानुवर्षं टिकतात. फ्लॅट जाड भागावर खुंटीला कधीही गुंडाळू नका, त्या तिथेच मोडतात. ऑर्डर देण्याआधी ब्रिजमध्ये तारेचा गोळा अडकतो तिथपासून नटापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि सेटचं वेष्टण किती लांब आहे ते बघा. पूर्ण जाडी नटाच्या जरा पुढे जाऊन संपायला हवी, नटाच्या अलीकडे मुळीच नाही.

तार कापायची असेल तर आधी कापायच्या जागेच्या अलीकडे पकडीनं काटकोनात मोडा आणि मोडीच्या पुढे कापा. सरळ तार कापली की वेष्टण गाभ्यावर फिरतं आणि तार कायमची बाद. खुंटीवर अडीच-तीन वेढे, वरून खाली उतरत. सूर लावल्यावर सॅडलच्या लगेच पुढे आणि नटाच्या लगेच पुढे अंगठ्यानं तार खाली दाबा, जाड तार तिथे कमानीसारखी वाकते आणि ती कमान राहिली तर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरचा सूर, कधीच जुळत नाही. एवढ्या दाबानं ई तार खुलल्याचं मी टेबलावर बरेचदा पाहिलंय, बासवाले बघत राहतात.

फट ०.८० म्हणजे नेक पुढे वाकलेला आहे. हवी ०.३ ते ०.३५. फीलर गेज नसलेल्यांनी गिटारच्या दहाच्या सेटमधली दुसरी तार घालून बघावी, ती ०.०१३ इंच म्हणजे ०.३३ मिमी. ट्रसरॉडला (नेकच्या आतली, वाक काढणारी सळई) हात नव्या तारा लावून सूर मिळवल्यावरच लावा, कारण ताण बदलला की नेक बदलतो. फिरवताना तारा जरा उतरवा, अॅलन की खाचेत पूर्ण बसली आहे ना बघा, घड्याळाच्या दिशेनं पाव वेढा, पुन्हा सूर, मग बास रात्रभर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी मोजा. फिरता फिरत नसेल तर भावाला पाइप लावून फिरवू देऊ नका. गॅरेजवाल्यांचा हात सैल, एवढंच म्हणतो.

मग तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर ई खाली साधारण २.४ मिमी, जी खाली २ मिमी हे फेंडरचं माप. तीस इंचीवर ई अडीच-पावणेतीन ठेवली तरी चालेल, तिला झोक्याला जागा लागते. शॉर्ट स्केलवाले ‘अॅक्शन एकदम लो’ करून घेतात आणि मग खडखडते म्हणून परत आणतात.

नटाचं म्हणाल तर तुम्ही कोल्हापुरात बसून विचारताय? मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या जवारी काढणारे हात आहेत. हाडाच्या घोडीवर केसाएवढं घासून तंबोऱ्याचा सूर उघडतात ते लोक. बासच्या नटाची खाच त्यांना डाव्या हाताचं काम. फक्त एक समजावून सांगा. तिकडे त्यांना तार पृष्ठभागाला निसटती लागायला हवी असते, इकडे नेमकी तेवढीच नको. तार नटाच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे, खाच हेडस्टॉककडे उतरती. सोबत नवी ई तार आणि जुनी तार दोन्ही न्या, तारेच्या जाडीवर खाच घासायला सोपं जातं. खोली किती? ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागद जाईल इतकी फट.

मांडवीकाठ, पणजी

डाखवाल्यांचं सगळं पटतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. मिठाची हवा निकेलच्या तारा वर्षाच्या आत खाते, स्टेनलेस फ्लॅट त्या मानानं तगतात. ब्रिजचे उंचीचे बारीक अॅलन स्क्रू गंजून सॅडलमध्ये अडकतात, मग पावसाळ्यानंतर अॅक्शन (तारेची उंची) बदलायला गेलं की अॅलन कीच गोल होते. माझ्याकडे पाऊस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक स्क्रूला मशीन ऑइलचा थेंब टाकायची पद्धत आहे, टूथपिकच्या टोकानं, ओतून नव्हे. आणि ट्रसरॉड जूनमध्ये एकदा, नोव्हेंबरात एकदा बघावाच लागतो. कोल्हापूरचा पाऊसही काही कमी नाही.

फझ_पेडल, ठाणे

तारांचं मान्य. पण ताईंनी मंडपातल्या हमबद्दलही विचारलंय, तिकडे सगळ्यांनी पाठ फिरवली. तारा बदलून हम जात नाही. पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) आहे तोवर हम राहणार. बरोबर ना काका?

डाखवाला, पुणे

बरोबर, अर्धं.

मंडपातला आवाज दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एक चुरचुर, झ्झ्झ असा, तारांना हात लावला की कमी होतो. ती डिमरची, एलईडी पार्लाइटची, ट्यूबच्या चोकची घाण, हवेतून येते. दुसरी गोल ‘हूं’, ट्रान्सफॉर्मरच्या जवळ गेलं की वाढते आणि बास हातात धरून गोल फिरलात की एका दिशेला जवळजवळ नाहीशी होते. ती चुंबकीय. पहिलीला शील्डिंग, म्हणजे आतून धातूचं अस्तर, लागू पडतं. दुसरीला तांब्याचा पत्रा अख्खा गुंडाळलात तरी फरक पडत नाही, तिथे हंबकरच हवा. तेव्हा फझराव, तुमचा रेल्स वाया नाही, त्याचा नंबर नंतरचा.

(एक गंमत. आपल्या लाइनची हम ५० हर्ट्झ. बासच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ४९ हर्ट्झ. त्यामुळे जीमध्ये गाणं असलं की बासवाला हमबरोबर बेसूर वाजतो आणि शिव्या त्याच खातो.)

ताई, पुढच्या कार्यक्रमात आवाज कुठला ते ओळखा. हात लावल्यावर उलट वाढत असेल तर जॅकच्या वायरी उलट्या किंवा ब्रिजची अर्थ वायर सुटलेली, आधी ते बघा. मल्टिमीटरची एक पिन ब्रिजवर, दुसरी जॅकच्या बाहेरच्या रिंगवर, बीप वाजला पाहिजे.

शील्डिंग भाऊ करू शकेल. तांब्याची चिकटपट्टी घ्या, पोकळीत आतून लावा, पिकगार्डच्या खालच्या बाजूलाही. पट्टीचा गोंद वीज वाहत नसेल तर पट्ट्या एकमेकींवर चढवूनही तुटक राहतात, म्हणून प्रत्येक जोडावर डाखाचा एक ठिपका द्या. शेवटी सगळ्या पट्टीतून एक वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालचा फिरता भाग) पाठीवर. पॉटची पाठ आधी सँडपेपरनं घासा, नाहीतर डाख मण्यासारखा गोळा होऊन निसटतो. जॅकचं आतलं पातं, जे केबलच्या टोकाला लागतं, ते केबल घातल्यावर मागे सरकतं. ते पट्टीला टेकलं की आवाज पूर्ण बंद. तिथे पट्टीवर इन्सुलेशन टेप चिकटवा. शील्डिंग केल्यावर बास मेला म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांच्यात हेच पातं असतं.

पिकगार्ड उघडलंच आहे तर पॉट खरखरत असतील तर बदला. २५० के, ए अक्षराचे, म्हणजे लॉग. बी म्हणजे लिनिअर, व्हॉल्यूमला तो घातला की सगळा बदल नॉबच्या एका टोकाला जाऊन बसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत २५० नाही मिळालं तर २२० के घ्या, काही बिघडत नाही. अमेरिकन सीटीएसचे पॉट मागवाल तर त्यांची मान साडेनऊ मिमीची असते, स्वस्त बासच्या भोकात जात नाही, भोक रीमरनं मोठं करावं लागतं. टोनला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, त्यावर ४७३ लिहिलेलं असतं. पॉलिएस्टरचा साधा, चहाच्याही किमतीचा नाही. ‘व्हिंटेज’ नावानं तीन-चार आकडी किमतीचे विकतात. व्हॅल्यू तीच असेल तर मीटरला आणि कानाला दोन्हींना सारखेच.

एक मात्र हात जोडून. मंडपात तारांना हात लावून माइकला ओठ लागले आणि झटका बसला, तर काही शहाणे बासची ब्रिजची अर्थ वायर तोडायला सांगतात. तोडू नका. दोष मंडपाच्या लाइनचा असतो, बहुतेक वेळा सॉकेटला अर्थिंगच नसतं किंवा फेज-न्यूट्रल उलटे. वाजवायला उभं राहण्याआधी साउंडवाल्याकडून टेस्टरनं बघून घ्या, आणि तुमचा अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. दोन खांबांवरच्या दोन लाइनी कधीच नकोत.

खालचा_सा, कोल्हापूर

उशीर झाला, नवरात्र होती.

फ्लॅटचा ४५-१०५ शॉर्ट सेट मागवला. मिरजेला नट करून आणला. ज्यांनी केला त्या आजोबांनी आधी बासची ई तार अंगठ्यानं छेडली, कान गळ्याला लावला आणि म्हणाले, ‘लाकूड बोलतंय, तारच बहिरी आहे.’ काका, तुमचं आख्खं पोस्ट त्यांनी पाच शब्दांत सांगितलं. मजुरी इतकी कमी घेतली की मला लाज वाटली. ट्रसरॉड भावानं फिरवला, मी शेजारी उभी होते, पाइप नव्हता. फट आता ०.३५.

ई तारेवर आता सूर ऐकू येतो. चढतो अजून थोडा, पण मुद्दाम जोरात ओढल्यावरच. आमची गाणारी पहिल्याच तालमीत म्हणाली, आज बास नवा आणलास का.

शील्डिंगनं चुरचुर गेली. गोल ‘हूं’ आहे, पण फक्त जनरेटरच्या बाजूला उभी राहिले तर. मी जागा बदलली.

उरलंय ते इंटोनेशन. ई आणि ए एकाच सॅडलवर आहेत. ए बाराव्या फ्रेटवर बरोबर लावली की ई चढी, ई बरोबर लावली की ए उतरते. पैसे अजून बरेच शिल्लक आहेत. ब्रिज की पिकअप?

डाखवाला, पुणे

ब्रिज. चार सॅडलचा.

जाड तारेला सॅडल बारीक तारेपेक्षा मागे लागतं. ई आणि ए एका सॅडलवर म्हणजे दोघींपैकी एक कायम नाराज. तुमच्या ई तारेची जाडी वाढल्यानं ते अंतर आणखी वाढलं. या बासवर लोखंडी सामानात पैसे घालण्यासारखी ही एकच गोष्ट आहे. ट्यूनर सूर धरतायत ना? मग त्यांना हात लावू नका.

मागवण्याआधी जुना ब्रिज काढून मापं घ्या. स्क्रूच्या भोकांचं एकमेकांपासूनचं अंतर, सगळ्यात पुढच्या सॅडलपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी, आणि ई ते जी तारांमधलं अंतर. मोठ्या फेंडर बासवर दोन शेजारच्या तारांत १९ मिमी असतात. तुमचं त्याहून कमी निघालं आणि मोठ्या बासचा ब्रिज लावलात तर ई आणि जी फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरतील. ब्रिजच्या पट्टीची जाडीही बघा. जाड पत्र्याच्या ब्रिजवर सॅडल पूर्ण खाली आणूनही तार उंच राहिली तर नेकच्या खाली पट्टी घालावी लागेल, तो नवा उपद्व्याप.

भोकं जुळत नसतील तर जुनी भोकं बांबूच्या काडीनं आणि फेव्हिकॉलनं भरा, रात्रभर वाळू द्या, मग नवी पाडा. स्क्रूच्या गाभ्याएवढाच ड्रिल, जाडीएवढा नको. जागा ठरवताना नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, ते ३८१ मिमी भरेल. बाराव्यापासून जी तारेचं सॅडल तेवढंच किंवा दीड-दोन मिमी मागे यायला हवं आणि तिथे असताना त्याचा स्क्रू बराचसा बाहेर, म्हणजे ई मागे न्यायला जागा उरेल. खालून येणारी अर्थची वायर ब्रिजखाली उघडी, पसरून दाबली गेली पाहिजे. लोक ती विसरतात आणि मग हम आली म्हणून पिकअप बदलतात.

फझ_पेडल, ठाणे

टोमणा पोचला काका. ताई, जनरेटरवाल्यानं जागा बदलली की सांगा, माझ्याकडे जुना रेल्स पडून आहे, अर्ध्या किमतीत देईन.

खालचा_सा, कोल्हापूर

ठेवून द्या, डिसेंबरात लग्नसराई आहे, तेव्हा कळेल. तारांमधलं अंतर मोजलं, १८ च्या जरा वर भरतंय. त्या मापाचा ब्रिज कुणी वापरला असेल तर भोकांची मापं इथे टाका.